हीथ्रो एक्सप्रेस: रोजच्या प्रवाशांची गाडी विमानतळाला लावली तेव्हा

विमानतळाला जाणाऱ्या गाडीची परीक्षा मी वेगावर करत नाही, बॅगेवर करतो. सांगलीकराला ही सवय आपोआप लागते. मुंबईचे विमानतळ आमच्या घरापासून जवळपास पावणेचारशे किलोमीटरांवर आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत सामान घरातून रिक्षात, रिक्षातून आरामगाडीच्या डिकीत, डिकीतून टॅक्सीत आणि टॅक्सीतून ट्रॉलीवर असे चार वेळा चढवावे-उतरवावे लागते. त्यामुळे विमान दिसण्याआधीच कोणत्या बॅगेची दांडी अडकते आणि कोणते चाक कुरकुरते हे पाठ झालेले असते. लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा आमच्याकडे तेवीस-तेवीस किलोंच्या दोन मोठ्या बॅगा आणि दोन हातातल्या बॅगा होत्या. मोठ्या बॅगांत कपडे थोडे आणि भडंग, बेदाणे, हळद, कांदा-लसूण मसाला जास्त होता. उतरल्यावर लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून शहरातल्या पॅडिंग्टन स्थानकापर्यंत आणि चार महिन्यांनी परतताना पॅडिंग्टनहून हीथ्रोपर्यंत असा दोन्ही वेळचा प्रवास सौ. आणि मी हीथ्रो एक्सप्रेसने केला.

माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत, बॉडी विभागात गेली. सांगाडा, पत्रा, आसने, फळ्या, दारे हेच माझे काम होते. त्यामुळे गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर पाहण्याआधी माझी नजर आतल्या जोडणीकडे जाते, आणि या गाडीत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, कारण ती मुळात विमानतळासाठी बांधलेलीच नाही. रोज सकाळी कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्या प्रवाशांसाठी बांधलेल्या गाड्यांत फेरफार करून त्या या कामाला लावलेल्या आहेत. लंडनला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना तिकीट काढावे की नाही हे ठरवायला उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहेच. पण हा फेरफार कितपत साधला आहे हे सांगण्याची मला अधिक ओढ आहे.

ही सेवा १९९८ च्या जूनमध्ये रीतसर सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी खास गाड्या बांधून घेतल्या होत्या. स्पेनची काफ आणि जर्मनीची सीमेन्स या दोन कंपन्यांनी मिळून बांधलेले क्लास ३३२ या प्रकारचे ते चौदा संच, म्हणजे कायम जोडून ठेवलेल्या डब्यांच्या चौदा गाड्या, होते आणि बावीस वर्षे त्यांनीच ही सेवा सांभाळली. त्यांना निरोप मिळाला तो मुख्यतः डेपोमुळे. पॅडिंग्टनबाहेर ओल्ड ओक कॉमन येथे त्यांचा डेपो होता आणि ती जागा हाय स्पीड २ या नव्या वेगवान रेल्वेमार्गाच्या कामासाठी रिकामी करून द्यायची होती. डेपो गेला म्हणजे काय होते हे एसटीत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. प्रवाशाला गाडी रस्त्यावर दिसते, पण तिची धुलाई, तपासणी, दुरुस्ती आणि रात्रीचा मुक्काम हे सगळे डेपोवर अवलंबून असते. अखेर २०१८ मध्ये पॅडिंग्टनहून पश्चिमेकडे गाड्या चालवणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीशी २०२८ पर्यंतचा करार झाला, गाड्या चालवण्याची व्यवस्था तिच्याकडे गेली आणि तिच्या ताफ्यातील क्लास ३८७ चे बारा संच विमानतळासाठी वेगळे काढण्यात आले. त्यांची देखभाल रेडिंगच्या डेपोत होते. २०२० च्या डिसेंबरअखेरीस जुने संच निवृत्त झाले आणि या बदललेल्या गाड्यांनी फेऱ्या हाती घेतल्या.

क्लास ३८७ ही गाडी डर्बीच्या कारखान्यात बाँबार्डिअरने बांधलेली आहे. पॅडिंग्टनहून पश्चिमेकडे विजेच्या तारा जसजशा पुढे सरकत गेल्या तसतशा या गाड्या मेडनहेड, रेडिंग, डिडकॉट अशा टप्प्यांनी रोजच्या प्रवाशांना नेऊ लागल्या. चार डब्यांचा एक संच असतो आणि विमानतळाच्या फेरीला दोन संच जोडून आठ डब्यांची गाडी करतात. दर पंधरा मिनिटांनी एक गाडी सुटते. पॅडिंग्टनहून टर्मिनल २ आणि ३ च्या स्थानकाला पंधरा मिनिटे आणि टर्मिनल ५ ला साधारण एकवीस मिनिटे लागतात. जाऊन-येऊन आणि दोन्ही टोकांना थांबून तासाभराचा फेरा धरला, तर माझ्या हिशेबाने चार गाड्या म्हणजे आठ संच सतत रस्त्यावर हवेत, आणि बाकीचे चार तपासणीला आणि स्पेअरला राहतात. आमच्याकडे शेड्यूल लावताना स्पेअर गाडीसाठी जी ओढाताण होत असे ती आठवली, तर बारांपैकी चार हे प्रमाण सुखाचे वाटते.

वेगाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली. विमानतळासाठी खास बांधलेल्या जुन्या गाड्या ताशी १६० किलोमीटर धावत. त्यांच्या जागी आलेली ही रोजच्या प्रवाशांची गाडी ताशी १७७ किलोमीटर धावू शकते. पॅडिंग्टन ते हीथ्रो हे अंतर आमच्या सांगली-तासगावएवढे आहे, आणि ते पंधरा मिनिटांत संपते. तेव्हा रोजच्या प्रवाशांची गाडी म्हणजे खालच्या दर्जाची, हा समज येथे तरी सोडून द्यावा.

आता फेरफाराकडे येतो. बॉडीच्या कामात गाडीतील गोष्टींचे दोन भाग पडतात. आसन, फळी, दिवा, वायर, पडदा, रंग हे सगळे बदलता येते. दार बदलता येत नाही. दार म्हणजे सांगाड्यात ठेवलेली मोठी मोकळी जागा, आणि ती कुठे व किती रुंद ठेवायची हे ठरल्यावरच बाकीच्या सांगाड्याचे बळ ठरवलेले असते. नंतर ते सरकवायचे म्हटले तर डबा नव्याने बांधल्यासारखेच होते. मधल्या वाटेची रुंदी, फरशीची उंची आणि चाकांमधले अंतर यांनाही हेच लागू आहे. म्हणून जुन्या गाडीला नवे काम द्यायचे असेल, तर फेरफार किती भारी केला याआधी कोणती गाडी निवडली हे पाहावे लागते.

निवड येथे चांगली झालेली आहे. क्लास ३८७ च्या प्रत्येक डब्याला एका बाजूला दोन दारे आहेत आणि ती डब्याच्या टोकांना नाहीत. एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना सरकणारी दुहेरी झडपांची अशी आहेत. रोजच्या गर्दीत फलाटावर गाडी पटकन भरावी आणि पटकन रिकामी व्हावी म्हणून ही रचना केलेली असते. विमानतळाच्या गाडीची गरज वेगळी वाटते, पण बारकाईने पाहिले तर ती हीच आहे. पॅडिंग्टनला संपूर्ण गाडी एकाच वेळी रिकामी होते आणि प्रत्येकाच्या हातात किमान एक बॅग असते. डब्याच्या टोकाला एकेरी अरुंद दार असते, तर शेवटच्या माणसाला उतरायला किती वेळ लागला असता याची कल्पना एसटीच्या पुढच्या दारातून बोचकी घेऊन उतरणाऱ्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही येईल. येथे सौ. आणि मी शेजारी-शेजारी, आपापली बॅग ओढत, एकमेकांना न अडवता बाहेर पडलो.

दाराजवळच्या त्या मोकळ्या जागेत उभ्याने प्रवास करणाऱ्यांसाठी धरायला दांडे आहेत. विमानतळासाठी नव्याने गाडी आखणाऱ्याने कदाचित ते ठेवलेही नसते. परंतु बॅग सोडून आत बसायला मन न धजणारे कितीतरी प्रवासी पंधरा मिनिटे तिथेच, एक हात दांड्याला आणि एक हात बॅगेला लावून उभे राहतात. आमच्याच डब्यात एका तरुणाची चार चाकांची बॅग गाडीने वेग घेताच आपण होऊन चालू लागली आणि समोरच्या दारापर्यंत गेली; दांड्याला धरलेला हात न सोडता त्याने ती पायाने अडवली. चारही चाके सगळीकडे फिरणाऱ्या बॅगा आल्यापासून विमानतळाच्या गाडीत हा एक नवाच प्रश्न निर्माण झाला आहे. तिला आडवी पाडून ठेवणे हाच सोपा उपाय आहे, आणि मी तो त्याला खुणेने सुचवला.

फेरफारातला सर्वांत डोळ्यांत भरणारा भाग म्हणजे सामानाचे रॅक. आसनांची काही जागा घेऊन ते वाढवलेले आहेत. रॅकचे काम दिसते तेवढे साधे नसते. आसनावर माणूस बसतो आणि त्याचे वजन पसरलेले असते. रॅकमध्ये तेवीस-तेवीस किलोंच्या पाच-सहा बॅगा एकावर एक येतात आणि जोराचा ब्रेक लागला की ते सगळे वजन एकदम पुढे ढकलले जाते. ते ओझे फरशीतल्या पातळ पत्र्यावर न येता खालच्या सांगाड्यावर आले पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत बोल्टांची भोके मोठी होतात आणि रॅक वाजू लागतो. सवयीप्रमाणे मी उभा खांब दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. तो जराही हलला नाही, आणि गाडी पूर्ण वेगात असतानाही कानाला त्याचा खडखडाट लागला नाही. गाड्या या कामाला लागून काही वर्षे झाल्यावरही जोडणी अशी घट्ट असेल, तर काम करणाऱ्यांनी ते मनापासून केले आहे असे मी म्हणेन.

आमची मोठी बॅग खालच्या कप्प्यात आडवी नीट बसली. दुसरी वरच्या कप्प्यात चढवताना मात्र खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावी लागली, आणि साठी उलटलेल्या माणसाला नऊ-दहा तासांच्या विमानप्रवासानंतर ते जड जाते. गाडी टर्मिनल ५ वरून सुटून आमच्या स्थानकात येत असल्यामुळे खालचे कप्पे आधीच बरेचसे भरलेले असतात, हेही त्यामागचे एक कारण आहे. परतताना पॅडिंग्टनला गाडी रिकामी मिळते. तेव्हा हा त्रास झाला नाही.

दुसरी गोष्ट नजरेची आहे. माणसाला आपली बॅग दिसत राहिली पाहिजे. परक्या देशात, पासपोर्ट खिशात आणि वर्षभराचा मसाला रॅकमध्ये अशा स्थितीत, बॅगेकडे पाठ करून बसायला कुणालाच आवडत नाही. त्यामुळे रॅककडे तोंड असलेली आसने आधी भरतात आणि डब्याच्या मधल्या भागातली, रॅक न दिसणारी आसने रिकामी राहतात. मी दोन्ही फेऱ्यांत हे मुद्दाम पाहिले. फेरफार करताना रॅकांची संख्या मोजली गेली असावी. प्रत्येक आसनावरून कोणता रॅक दिसतो याचा विचार तेवढ्या बारकाईने झालेला दिसत नाही. हा दोष मोठा नाही, परंतु फक्त विमानतळासाठी बांधलेली गाडी आणि फेरफार केलेली गाडी यांतला फरक नेमका इथे कळतो.

प्रत्येक आसनाजवळ फोन चार्ज करण्याची सोय आहे, वायफाय आहे, आणि प्रथम श्रेणीत एका बाजूला दोन व दुसऱ्या बाजूला एक अशी रुंद आसने आहेत. पंधरा मिनिटांसाठी प्रथम श्रेणीचे जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसले नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. स्वच्छतागृहाबद्दल मात्र लिहितो. इतक्या लहान प्रवासात त्याची काय गरज, असे तरुणांना वाटेल. मला मधुमेह आहे. इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभे राहून, पट्ट्यावरून बॅगा घेऊन, लांबलचक भुयारी वाटा चालून आल्यावर गाडीत स्वच्छतागृह आहे हे पाहून जो दिलासा मिळाला तो माझ्या वयाच्या वाचकांना समजेल. रोजच्या लांब पल्ल्याच्या प्रवाशांसाठी ते मूळ गाडीतच होते, व्हीलचेअर आत जाईल एवढे मोठे होते, आणि फेरफार करणाऱ्यांनी त्या जागी आणखी रॅक बसवण्याचा मोह टाळला.

फेरफाराचा सर्वांत अवघड भाग प्रवाशाला दिसतच नाही. तो चालकाच्या केबिनमध्ये आणि गाडीच्या पोटात आहे. जुन्या गाड्यांत ग्रेट वेस्टर्न मार्गापुरती असलेली एक जुनी स्वयंचलित संरक्षणयंत्रणा होती. तिच्याऐवजी या गाड्यांना युरोपीय पद्धतीची ईटीसीएस ही सिग्नल यंत्रणा बसवावी लागली, ज्यात रुळांमधल्या उपकरणांवरून आणि रेडिओवरून आलेली माहिती चालकासमोरच्या पडद्यावर दिसते आणि परवानगीपेक्षा वेग वाढला तर गाडी आपोआप ब्रेक लावते. हीथ्रोच्या बोगद्यात गाडी जाते तेव्हा ही यंत्रणा कामी येते. आसन बदलणे हे सुताराचे आणि लोहाराचे काम आहे. चालत्या गाडीच्या ब्रेकशी नवी यंत्रणा जोडणे, ती शेकडो वेळा तपासणे आणि मगच गाडीला मंजुरी मिळवणे हे वेगळ्याच जबाबदारीचे काम आहे. विमानतळाच्या गाडीचा रंग बदलला एवढेच ज्यांच्या लक्षात येते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जावयांनी मला घरी बसून बऱ्याच जुन्या गाड्यांची माहिती दाखवली, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली की लंडनच्या विमानतळांना अशी गाडी लावण्याचा हा पहिला प्रसंग नाही. स्टॅनस्टेड विमानतळासाठी २००० साली क्लास ३१७ चे नऊ संच बदलून घेतले होते. त्या गाड्या १९८० च्या दशकाच्या आरंभी बेडफर्ड ते लंडन या मार्गावरच्या रोजच्या प्रवाशांसाठी बांधलेल्या होत्या. सामानाचे रॅक, नवी आसने, समोरच्या भागाला नवा चेहरा एवढे करून त्यांनी २०११ मध्ये नव्या गाड्या येईपर्यंत विमानतळाचे काम केले. वीस वर्षे झिजलेल्या सांगाड्यावर आणखी दहा वर्षे काढणे ही कमाई लहान नाही. गॅटविकला २००८ च्या डिसेंबरपासून क्लास ४४२ लावली, ती मात्र रोजच्या प्रवाशांची गाडी नव्हती. दक्षिण किनाऱ्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी होती. आसने आरामाची, डबे लांब, परंतु दारे डब्याच्या टोकांना आणि एकेरी. बॅगा घेतलेल्या गर्दीला अशी दारे सोयीची नसतात. दिसायला अधिक ऐटदार गाडी निवडूनही काम अडते ते असे. पुढे २०१६ मध्ये गॅटविकलाही क्लास ३८७ च आली, तीही नवी बांधून.

याच्या उलट घडलेले उदाहरण तर मला त्याहून बोलके वाटले. गॅटविकसाठी शतकाच्या वळणावर खास बांधलेल्या क्लास ४६० च्या आठ डब्यांच्या आठ गाड्या होत्या. २०१२ पर्यंत त्या विमानतळाच्या सेवेतून काढल्या गेल्या आणि त्यांचे डबे क्लास ४५८ च्या गाड्यांशी मिळवून पाच-पाच डब्यांचे छत्तीस संच तयार झाले, जे लंडनच्या वॉटर्लू स्थानकाच्या रोजच्या प्रवाशांसाठी धावले. म्हणजे विमानतळाच्या गाडीतले रॅक काढून तिथे कचेरीला जाणाऱ्यांसाठी आसने बसवली. आमच्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांवरून नाव पडलेल्या एशियाड गाड्या पुढे वर्षानुवर्षे महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावल्या, त्याची मला आठवण झाली. सांगाडा चांगला असेल तर गाडी एका जन्मात दोन कामे करते.

सांगाडा चांगला असूनही फेरफार वाईट झाला तर काय होते, हे मी याच प्रवासात, पण आपल्या बाजूला अनुभवले. सांगलीहून मुंबईला आम्ही एका खासगी आरामगाडीने गेलो. तिचे नाव घेत नाही. ती मुळात बसून जाण्याची गाडी होती आणि नंतर तिच्यात झोपण्याच्या जागा केल्या होत्या. जादा पार्सल मावावे म्हणून डिकीचे तोंड कापून मोठे केलेले होते, आणि नव्या झडपेला रबराचे जे बीडिंग लावले होते ते कोपऱ्यात तुटके होते. खंडाळ्याच्या घाटात पाऊस लागला आणि पाणी सरळ आत गेले. विमानतळावर बॅग उघडून पाहिली तेव्हा बेदाण्यांची पिशवी ओली झाली होती आणि सौ.च्या दोन साड्यांना हळदीचा डाग पडला होता. बीडिंगचा एक सलग तुकडा लावायला अर्धा तास लागतो. पार्सलच्या जागेचा विचार झाला होता, प्रवाशाच्या बॅगेचा झाला नव्हता. त्याच ओल्या बॅगेला दुसऱ्या दिवशी हीथ्रोच्या गाडीतल्या घट्ट, कोरड्या कप्प्यात ठेवताना मला आनंद झाला तसे वाईटही वाटले, कारण हे काम करू शकणारे हात आपल्याकडे कमी नाहीत.

बॅगेसाठी जागा मोकळी करण्याची कल्पनाही आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या लोकलमधला मालडबा आठवून पाहा. मधली बाके नाहीत, कडेला बसायला अरुंद फळी, आणि बाकी सगळी फरशी मोकळी. मासळीच्या टोपल्या, भाजीच्या पाट्या आणि डबेवाल्यांच्या लांब पाट्या तिथे मिनिटभराच्या थांब्यात चढतात आणि उतरतात. आसन काढले की गाडीची किंमत कमी होत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाची होते, हे त्या डब्यात रोज सिद्ध होते. सांगली-मिरजेचा प्रवासी आता महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून भुयारी मेट्रो ३ ने थेट विमानतळाच्या टर्मिनलपर्यंत जाऊ शकतो, कारण २०२५ च्या ऑक्टोबरपासून तो मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाला आहे. पुढच्या वेळी मी तसाच जाणार आहे. मात्र मेट्रोचा डबा शहरातल्या प्रवाशासाठी आखलेला असतो, आणि ऐन गर्दीच्या वेळी दोन मोठ्या बॅगा घेऊन त्यात शिरणाऱ्या माणसाला कोपरा शोधावा लागतो. अशा गाडीच्या एका डब्यातली चार-सहा आसने काढून तिथे रॅक बसवले, तर तो फेरफार कोणत्याही जिल्ह्याच्या कार्यशाळेला झेपण्यासारखा आहे.

लंडनमध्ये हाच प्रश्न एलिझाबेथ लाइन या शहराच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या रूपाने समोर येतो. पॅडिंग्टनहून हीथ्रोला तीही जाते, भाडे हीथ्रो एक्सप्रेसच्या ऐनवेळच्या भाड्यापेक्षा बरेच कमी आहे, आणि वेळ साधारण अर्धा तास लागतो. जावयांचे म्हणणे होते, "बाबा, एलिझाबेथनेच जाऊ या, कमी पैशांत होतं आणि गाडी शहराच्या आतपर्यंत नेते." त्यांचे चुकीचे नाही. ज्यांना पॅडिंग्टनच्या पुढे पूर्वेकडे जायचे आहे आणि ज्यांच्याकडे एकच बॅग आहे त्यांनी तीच गाडी धरावी. परंतु तिच्यात स्वच्छतागृह नाही, बरीचशी आसने डब्याच्या भिंतीला लागून आहेत आणि बॅग गुडघ्यात धरून बसावे लागते. वाटेतल्या स्थानकांवर रोजचे प्रवासी चढत-उतरत राहतात आणि प्रत्येक वेळी बॅग आवरून घ्यावी लागते. रोजच्या प्रवाशांची गाडी न बदलता विमानतळाला लावली तर काय होते आणि बदलून लावली तर काय होते, हे एकाच स्थानकावरून सुटणाऱ्या या दोन गाड्यांत बसून पाहता येते.

भाडे हा हीथ्रो एक्सप्रेसचा खरा अडथळा आहे. ऐनवेळी तिकीट घेतले तर एका माणसाला पंचवीस पौंडांच्या आसपास मोजावे लागतात. आपल्या पैशांत ते अडीच हजारांच्या वर जाते, म्हणजे सांगलीहून मुंबईला दोघे आरामगाडीने जाऊ शकतील एवढे. बरेच दिवस आधी तिकीट काढले तर ते निम्म्याहूनही कमी होते, आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांसोबत भाडे पडत नाही. येताना आम्ही आधी काढलेल्या तिकिटावर आलो. परतताना नातू पोहोचवायला विमानतळापर्यंत आला, तो फुकट. विमान उशिरा उतरेल या भीतीने आपली मंडळी आधी तिकीट काढत नाहीत, पण आधी काढलेले तिकीट त्या दिवसाच्या कोणत्याही गाडीला चालते का, हे खरेदी करतानाच वाचून घ्यावे आणि मग ठरवावे. टर्मिनलांमध्ये एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकापर्यंत जायला मात्र भाडे नाही, हे चुकीच्या टर्मिनलला उतरलेल्या प्रवाशाने लक्षात ठेवावे.

पूर्वी पॅडिंग्टनलाच बॅगा विमान कंपनीकडे सोपवता येत असत. ती सोय काही वर्षांत बंद झाली. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोवर ती आजही नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या स्थानकांवर काही विमान कंपन्यांसाठी आहे, आणि त्या मार्गावरच्या गाड्याही हीथ्रोच्या जुन्या गाड्या बांधणाऱ्या काफनेच बांधलेल्या आहेत. बॅग स्टेशनवरच सुटली तर रॅकचा प्रश्नच उरत नाही, आणि या बाबतीत दिल्ली लंडनच्या पुढे आहे हे मला आनंदाने नोंदवावेसे वाटते.

ज्येष्ठ दांपत्याने, दोन मोठ्या बॅगांसह, आधी तिकीट काढून या गाडीने जावे, असे माझे मत आहे. हीथ्रोहून येताना फलाटावर गर्दीच्या मधोमध उभे न राहता टोकाच्या डब्याकडे चालत जावे. तिथले खालचे कप्पे रिकामे मिळण्याची शक्यता जास्त असते. हीथ्रोचे फलाट डब्याच्या फरशीच्या जवळपास पातळीत असल्यामुळे तिथे बॅग उचलावी लागत नाही, ती ओढत आत नेता येते. पॅडिंग्टनला सहा आणि सात क्रमांकाच्या फलाटांवरून गाडी सुटते.

आणि गाडीची देखभाल करणाऱ्यांपर्यंत हे पोहोचलेच, तर माझी एकच विनंती आहे. प्रत्येक डब्याच्या मधल्या भागातली, कुठलाच रॅक न दिसणारी एक ओळ काढावी आणि तिथे वरचा कप्पा नसलेला, फक्त गुडघ्याएवढ्या उंचीचा, कडेला आडवी दांडी असलेला एक रॅक बसवावा, ज्यात बॅग उचलून ठेवावी लागणार नाही, नुसती आत ढकलता येईल. चार आसने कमी होतील. ती आसने मी दोन्ही वेळा रिकामीच पाहिली.